जोखमीचे बाळ : घरी की दवाखान्यात?

भातकापणीचे दिवस. डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर माणसे पहाटेच शेतावर जातात. अशात एखाद्या घरी आठव्या महिन्यातच बाळ जन्मते. आशाताई काट्यावर धरते, तर वजन दोन किलोही भरत नाही. दवाखान्यात न्या म्हणावे, तर कापणी खोळंबते, मागची पोरे कोणी पाहायची? घरीच सांभाळावे, तर बाळ दगावल्यास बोल कोणाला?

हाच पेच गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेपुढे होता. जोखमीची बाळे नाकारली असती, तर संस्थेवर ठपका आला नसता. पण नाकारलेले बाळ दवाखान्यात थोडेच जाणार होते? ते उपचाराविना घरीच राहिले असते. म्हणून ३९ गावांतील स्त्रियांना शिकवून तयार केले. बाळाचे वजन घेणे, श्वास मोजणे, ऊब देणे, जंतुदोष ओळखणे त्या शिकल्या. आधी दवाखान्याचा सल्ला द्यायचा. आईबाप नाहीच म्हणाले, तर त्यांच्या संमतीने घरीच औषध व सुई द्यायची, असा नियम होता. तुलनेच्या गावांपेक्षा तेथील नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. हे निष्कर्ष १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले.

मात्र शिक्षण व देखरेख नसताना कोणीही सुई टोचू नये. आज आशाताई दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे ४२ दिवसांत सहा वेळा, घरी जन्मलेल्याकडे सात वेळा येते. लहान बाळ नीट पीत असेल, अंग उबदार असेल, तर आईने त्याला उघड्या छातीशी धरावे, अंगावरचेच दूध पाजावे, अंघोळीची घाई करू नये.

पण वजन अठराशे ग्रॅमच्या आत असेल, बाळ दूध ओढेनासे झाले, अंग गार किंवा तापलेले लागले, ते लुळे पडले, छाती आत ओढली जाऊ लागली किंवा मिनिटाला ६० वा अधिक श्वास होऊ लागले, तर थांबू नये. १०८ ला फोन करावा. तलासरीचे ग्रामीण रुग्णालय, कासा किंवा डहाणूचे उपजिल्हा रुग्णालय यांपैकी जवळचे गाठावे.

सोबत कोण जाणार, पोरे कोणाकडे ठेवायची, हे सातव्या महिन्यातच ठरवावे. आणि शेजाऱ्यांनी सावडीने त्या घरचे भात कापून द्यावे. मग दवाखान्याला नाही म्हणायचे मोठे कारण उरत नाही.