समजून घ्या : अलार्म बसवलेल्या बाइकला चार्जर कसा जोडायचा?

देऊळगाव राजा : आश्विनातील बालाजी यात्रेची गर्दी असो, नाहीतर जालन्याला जाताना बसस्थानकाजवळ लावलेली बाइक, चोरीची धास्ती असतेच. म्हणून अनेक जण बाहेरून रिमोटचा अलार्म बसवून घेतात. पुढे गाडी आठवडाभर घरी उभी राहते, सेल्फ मारला की नुसते ‘टिक-टिक’ होते आणि चार्जर जोडायला गेले की सायरन अख्खी गल्ली गोळा करतो. बॅटरी उतरण्यामागे आणि सायरन वाजण्यामागे बऱ्याचदा हा अलार्मच असतो.

बॅटरी का उतरते?

किल्ली काढली तरी अलार्म जागाच असतो. तो २० मिलिअँपिअर करंट घेतो असे धरले, तर दिवसाला जवळपास अर्धा अँपिअर-अवर जातो. लहान बाइकची बॅटरी साधारण ३ ते ५ अँपिअर-अवरची. म्हणजे ४ अँपिअर-अवरची बॅटरी आठवडाभरात संपत येते. सेल्फ तर त्याआधीच नकार देतो. १ एप्रिल २०२०पासून बीएस-६ लागू झाल्यावर फ्युएल इंजेक्शन आले, त्यासाठीही बॅटरी लागते. काही मॉडेल्सना तर किकच नाही. रात्री दवाखाना गाठायची वेळ आली तर काय होईल, ते सांगायला नको. शिवाय बॅटरी पूर्ण उतरली की अलार्मही मुका होतो.

सायरन कशाने वाजतो?

सीट किंवा साइड पॅनल हलले की धक्का ओळखणारा सेन्सर जागा होतो. बॅटरीची वायर काढून पुन्हा लावली, तर काही अलार्म थेट ‘लॉक’ अवस्थेत सुरू होतात. काही सायरनमध्ये स्वतःची छोटी बॅटरी असते. मुख्य वायर काढली तर ते उलट जोरात ओरडतात. वैतागून वायर कापणे सर्वांत महागात पडते, कारण अनेक अलार्म इग्निशनच्या वायरमधून जोडलेले असतात. मग बॅटरी भरूनही गाडी सुरू होत नाही.

जोडायचे कसे?

आधी रिमोटने अलार्म ‘अनलॉक’ करा. काही अलार्म थोड्या वेळाने आपोआप लॉक होतात. त्यामुळे त्याच्या वायरवर वेगळा फ्यूज असेल तर अनलॉक केल्यानंतरच तो काढून ठेवा. किल्ली बंद, चार्जरचे बटणही बंद. लाल क्लिप प्लसला, मग काळी मायनसला आणि शेवटी बटण चालू. काढताना आधी बटण बंद, मग काळी, मग लाल. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघू शकतो. जागा मोकळी हवी, जवळ बिडी-काडी नको.

बॅटरी पूर्ण उतरली असेल तर रिमोट चालणारच नाही. चार्जर सुरू होताच अलार्म जागा होऊन बोंबलू शकतो, म्हणून रिमोट हातात ठेवा. त्याचा सेलही आधी तपासा, तो नेमका याच वेळी दगा देतो.

चार्जर कोणता?

कारचा मोठा चार्जर नको. बॅटरीच्या क्षमतेच्या दहाव्या हिश्शाएवढा करंट सुरक्षित. ४ अँपिअर-अवरला सुमारे ०.४ अँपिअर. अर्थात, रात्रभर लागते. सीलबंद बॅटरीसाठी व्होल्टेज साधारण १४.४च्या वर जाऊ नये. ‘बूस्ट’ मोडचे वाढीव व्होल्टेज अलार्म आणि ईसीयू दोघांनाही बाधू शकते. बॅटरी दुकानात द्यायची असेल तर गाडीतून काढूनच द्या. काढताना मायनस आधी, बसवताना मायनस शेवटी.

चार्ज करूनही चार दिवसांत पुन्हा तेच झाले तर ऑटो इलेक्ट्रिशियनकडून गळती मोजून घ्या. किल्ली बंद ठेवून मायनसची वायर काढतात आणि ती व बॅटरी यांच्यामध्ये मल्टिमीटर १० अँपिअरच्या रेंजवर जोडतात. या वेळी सेल्फ मारला तर मीटरचा फ्यूज उडतो. अलार्मचा फ्यूज काढल्यावर आकडा खाली आला, तर चोर सापडला. नाही आला, तर हँडलवर बसवलेला मोबाइल चार्जिंगचा सॉकेट थेट बॅटरीला जोडलाय का, ते आधी पाहावे.