थोमाचा संशय आणि थोमाची श्रद्धा

ख्रिस्ती परंपरेत एखाद्या व्यक्तीच्या नावावर संशयाचा शिक्का कायमचा बसला असेल, तर तो थोमा या प्रेषिताच्या नावावर होय. येशू ख्रिस्ताने आपल्या अनुयायांतून जे बारा शिष्य निवडले, त्यांपैकी थोमा हा एक. भारतात तो संत थॉमस या नावाने अधिक परिचित असून, केरळातील प्राचीन ख्रिस्ती समाज आपल्या धर्माचा उगम त्याच्यापाशीच शोधतो. क्रूसावर मरण पावलेला आपला गुरू पुन्हा जिवंत झाला, ही वार्ता इतर शिष्यांनी सांगितली असता थोमाने ती मान्य करण्यास नकार दिला. तेव्हापासून तो ‘संशयी थोमा’ म्हणून ओळखला जातो. अनेक पाश्चात्त्य भाषांत तर कशावरही सहजी विश्वास न ठेवणाऱ्या माणसाला त्याच्याच नावाने संबोधतात. तथापि ज्या ग्रंथात ही कथा आली आहे तो लक्षपूर्वक वाचला, तर या रूढ समजुतीपेक्षा निराळाच थोमा आपल्यासमोर उभा राहतो.

बायबलच्या नव्या करारात येशूचे चरित्र सांगणारी चार शुभवर्तमाने आहेत. मत्तय, मार्क आणि लूक यांच्या शुभवर्तमानांत थोमाचे केवळ नाव शिष्यांच्या यादीत आढळते. त्याला व्यक्तित्व प्राप्त होते ते योहानकृत शुभवर्तमानात. ‘थोमा’ या अरामी नावाचा अर्थ ‘जुळा’ असा आहे आणि योहानाने दिलेल्या ‘दिदुम’ या त्याच्या ग्रीक नावाचाही अर्थ तोच आहे. तो कोणाचा जुळा भाऊ होता, याचा उलगडा मात्र योहान करीत नाही. त्याच्या ग्रंथात थोमा तीन प्रसंगी बोलतो आणि हे तिन्ही प्रसंग एकत्र वाचले पाहिजेत. कारण शेवटच्या प्रसंगातील संशयाचे मूळ पहिल्या दोन प्रसंगांत आहे.

पहिला प्रसंग लाजराच्या मृत्यूचा. लाजर हा येशूचा मित्र यरुशलेमजवळील बेथानी या गावी राहत असे. तो आजारी असल्याचा निरोप आला, तेव्हा येशू यार्देन नदीच्या पलीकडे होता. यहूदियात थोड्याच दिवसांपूर्वी लोकांनी त्याला दगडमार करण्याचा प्रयत्न केला होता. त्यामुळे तेथे परत जाण्याचा त्याचा विचार ऐकून शिष्य भयभीत झाले. त्या वेळी थोमा आपल्या सोबत्यांना म्हणाला की, आपणही जाऊ आणि गुरूबरोबर मरू. हे उद्गार काहीसे उदास आहेत. पुढे सारे ठीक होईल अशी आशा त्यांत दिसत नाही. परंतु परिणाम वाईट होणार असे वाटत असूनही जो बरोबर निघतो, त्याला निष्ठाहीन म्हणता येणार नाही.

दुसरा प्रसंग येशूच्या अखेरच्या भोजनाचा. आपण कोठे जात आहोत ती वाट शिष्यांना ठाऊक आहे, असे येशूने त्या रात्री सांगितले. तेथे बसलेल्यांपैकी कितीजणांना ते समजले असेल, ही शंकाच आहे. परंतु आपल्याला समजले नाही, हे स्पष्टपणे बोलून दाखविले ते थोमाने. आपण कोठे जाणार हेच आम्हांला माहीत नाही, मग वाट कशी माहीत असणार, असे त्याने विचारले. मार्ग, सत्य आणि जीवन आपणच आहोत, हे येशूचे सुप्रसिद्ध वचन या प्रश्नाचे उत्तर म्हणून आले आहे. गुरूच्या मुखातून महत्त्वाचा विचार प्रकट व्हावा, यासाठी कोणा तरी शिष्याला आपले अज्ञान कबूल करावे लागते. भारतातील गुरुशिष्यसंवादांच्या वाचकाला हे नवे नाही. न समजलेल्या गोष्टीला मान डोलावणे सोपे असते. थोमाने ते केले नाही. नम्रतेचा हा एक प्रकार सहसा नम्रता म्हणून ओळखला जात नाही.

तिसरा प्रसंग सर्वपरिचित आहे. येशूला क्रूसावर खिळल्यानंतरच्या रविवारी संध्याकाळी शिष्य भीतीने दारे बंद करून बसले होते. त्या वेळी येशू त्यांच्यामध्ये प्रकट झाला. थोमा तेव्हा तेथे नव्हता. पुढे सोबत्यांनी त्याला ही वार्ता सांगितली, तेव्हा त्याने अट घातली. खिळ्यांचे व्रण स्वतः पाहिल्याशिवाय, त्यांत बोट घातल्याशिवाय आणि भाल्याने विंधलेल्या कुशीत हात घातल्याशिवाय आपण विश्वास ठेवणार नाही, असे तो म्हणाला. आठ दिवसांनी शिष्य पुन्हा एकत्र असताना येशू आला आणि त्याने थोमासमोर आपले हात व कूस धरली. थोमाने त्याला आपला प्रभू आणि आपला देव म्हणून संबोधले. यानंतर येशूने, न पाहता विश्वास ठेवणारे धन्य होत, असे सांगितले.

या कथेतील दोन-तीन गोष्टींकडे सहसा दुर्लक्ष होते. पहिली ही की, थोमाने मागितला तो पुरावा इतरांना आधीच मिळाला होता. पहिल्या भेटीत येशूने त्या शिष्यांनाही आपले हात व कूस दाखविली होती आणि त्यानंतरच त्यांना आनंद झाला, असे योहान सांगतो. लूकच्या वृत्तान्ताप्रमाणे, रिकामी कबर पाहून आलेल्या स्त्रियांचे बोलणे याच शिष्यांना निरर्थक वाटले होते. मत्तयाच्या शुभवर्तमानात तर गालीलातील डोंगरावर येशूचे दर्शन झाल्यावरही काहींच्या मनात शंका उरली, असा स्पष्ट उल्लेख आहे. तेव्हा संशय हा एकट्या थोमाचा नव्हता. तो उघडपणे बोलून दाखविण्याचे धैर्य मात्र त्याचे होते.

दुसरी गोष्ट स्पर्शाची. इटालियन चित्रकार काराव्हाजो याने सतराव्या शतकाच्या आरंभी रंगविलेल्या प्रसिद्ध चित्रात थोमाचे बोट ख्रिस्ताच्या जखमेत गेलेले दिसते. चित्रकारांनी वारंवार रंगविलेल्या या दृश्यामुळे थोमाने जखमेला स्पर्श केला, असेच बहुतेकांना वाटते. वस्तुतः योहानाने तसे म्हटलेले नाही. येशूने हात पुढे करण्यास सांगितले आणि थोमाने उत्तर दिले, एवढेच तेथे आहे. घातलेली अट पुरी करून घेण्याचा आग्रह थोमाने धरला, असे ग्रंथ सांगत नाही. समोर उभ्या असलेल्या सत्यापुढे आपली अट मागे घेणे ज्याला जमते, त्याचा संशय प्रामाणिक म्हणावा लागतो. ज्याला केवळ वाद जिंकावयाचा असतो, तो एक पुरावा मिळताच दुसरा मागतो.

तिसरी गोष्ट त्या मधल्या आठ दिवसांची. या काळात थोमा मंडळी सोडून गेला नाही आणि मंडळीनेही त्याला बाहेर काढले नाही. इतर दहाजण आनंदात असताना त्या आनंदात सहभागी होऊ न शकणारा एक माणूस त्यांच्याबरोबर राहिला. श्रद्धावंतांच्या कोणत्याही समुदायापुढे हा प्रश्न कधी ना कधी उभा राहतो. शंका घेणाऱ्याला घालवून द्यावे, की त्याला वेळ द्यावा? योहानाची कथा याविषयी उपदेश करीत नाही. दारे बंद असलेल्या त्या घरात आठव्या दिवशी थोमाही होता, एवढेच ती नोंदविते.

थोमाच्या शेजारी पेत्राला उभे केले, म्हणजे या कथेचा अर्थ अधिक स्पष्ट होतो. पेत्र हा शिष्यांत अग्रणी. इतर सर्वांनी साथ सोडली तरी आपण सोडणार नाही, असे त्याने छातीठोकपणे सांगितले होते. त्याच रात्री, कोंबडा आरवण्यापूर्वी, त्याने आपण येशूला ओळखतही नाही असे तीन वेळा सांगितले. पेत्राच्या ठिकाणी संशय नव्हता. परंतु त्याचा निःसंशय विश्वास बऱ्याच अंशी स्वतःवरच होता. पुढे गालील सरोवराच्या काठी येशूने त्याला विचारले की, या इतरांपेक्षा तू माझ्यावर अधिक प्रीती करतोस काय? पेत्राने प्रीतीची कबुली दिली, पण तुलना टाळली. इतरांपेक्षा आपण वरचढ आहोत, असे म्हणण्याचे धाडस आता त्याला झाले नाही. ज्या सात शिष्यांसमोर हा वृत्तान्त घडला, त्यांच्या यादीत पेत्राच्या लगोलग नाव येते ते थोमाचे. एकाचा आत्मविश्वास मोडला होता, दुसऱ्याचा संशय गळून पडला होता. दोघेही श्रद्धेपर्यंत पोचले ते नम्रतेच्या वाटेने.

सहाव्या शतकाच्या अखेरीस रोमचे धर्मपीठ भूषविणाऱ्या पोप ग्रेगरी यांनी आपल्या एका प्रवचनात या विषयाचा मार्मिक विचार केला आहे. विश्वास ठेवणाऱ्या शिष्यांच्या श्रद्धेपेक्षा थोमाच्या अश्रद्धेने पुढील पिढ्यांच्या श्रद्धेला अधिक साहाय्य केले, असे त्यांचे प्रतिपादन होते.

थोमाच्या पुढील आयुष्याविषयी ‘थोमाची कृत्ये’ हा ग्रंथ विस्ताराने सांगतो. तो तिसऱ्या शतकाच्या पूर्वार्धात सीरियाक भाषेत, बहुधा एडेसा या नगरात रचला गेला. त्याला बायबलमध्ये स्थान मिळालेले नाही. शिष्यांनी चिठ्ठ्या टाकून जगाची वाटणी केली, तेव्हा थोमाच्या वाट्याला भारत आला, असे त्यात म्हटले आहे. येथेही थोमा प्रथम नकारच देतो. आपली प्रकृती अशक्त, आपण हिब्रू. भारतीयांना कसे शिकविणार, असा त्याचा प्रश्न असतो. तेव्हा येशू त्याला हब्बान नावाच्या व्यापाऱ्याला गुलाम म्हणून विकतो आणि थोमा सुतार म्हणून गुदनफर राजाच्या पदरी येतो. राजवाडा बांधण्यासाठी दिलेले द्रव्य तो गोरगरिबांना वाटून टाकतो आणि वाडा स्वर्गात उभा राहत आहे, असे राजाला सांगतो. प्रेषिताने या देशात पाऊल ठेवले ते विकला गेलेला मजूर म्हणून, ही कल्पना त्या कथाकाराला सुचली, हे लक्षणीय आहे.

हा गुदनफर राजा दीर्घकाळ काल्पनिक मानला जात असे. एकोणिसाव्या शतकात वायव्य भारत व अफगाणिस्तान या प्रदेशांत त्याच्या नावाची नाणी मोठ्या संख्येने हाती आली. तख्त-इ-बाही येथील शिलालेखात त्याच्या कारकिर्दीचे सव्विसावे वर्ष नमूद असून, बहुतेक अभ्यासकांच्या मते ते सुमारे इ. स. ४६ हे होय. राजा खरा ठरला, म्हणून थोमाचे आगमन सिद्ध झाले, असे मात्र म्हणता येत नाही. केरळची परंपरा तर निराळीच आहे. तिच्यानुसार थोमा इ. स. ५२ मध्ये कोडुंगल्लूरजवळ उतरला, त्याने सात ठिकाणी मंडळ्या स्थापन केल्या आणि मैलापूर येथे त्याला हौतात्म्य आले. त्या काळी मोसमी वाऱ्यांच्या साहाय्याने रोमन साम्राज्यातील जहाजे मिऱ्यांच्या व्यापारासाठी मलबारला येत असत. त्यामुळे हा प्रवास शक्य कोटीतील होता, यात शंका नाही. परंतु भारतातील ख्रिस्ती समाजाचे ठाम उल्लेख पुढच्या काळातले आहेत. सहाव्या शतकातील कॉस्मस या प्रवाशाने मलबारातील ख्रिस्ती मंडळीची, तसेच ‘कल्लियाना’ येथील धर्माध्यक्षाची नोंद केली आहे. हे स्थान मुंबईजवळचे कल्याण असावे, असे सामान्यतः मानले जाते. कोल्लमच्या चर्चला दिलेले ताम्रपट इ. स. ८४९ चे आहेत.

अशा रीतीने ज्याने पुरावा मागितला, त्याच्याच विषयी पुरावा मागण्याची वेळ इतिहासकारावर येते. यात त्या संताचा अनादर मुळीच नाही. परंपरा पिढ्यान्‌पिढ्या जतन करणारा समाज आणि तिची चिकित्सा करणारा अभ्यासक, या दोघांनीही आपल्या मर्यादा ओळखल्या, तर त्यांच्यात वैर असण्याचे कारण नाही. नाण्याने जेवढे सिद्ध होते तेवढेच सिद्ध झाले असे म्हणणे, ही अभ्यासकाची नम्रता. आपली श्रद्धा नाण्यावर अवलंबून नाही हे जाणणे, ही भाविकाची.

केरळातील पेरियार नदीच्या काठी मलयाट्टूर ही टेकडी आहे. थोमाने तेथे प्रार्थना केली होती, अशी श्रद्धा असल्यामुळे दरवर्षी हजारो यात्रेकरू खांद्यावर लाकडी क्रूस घेऊन तो चढ चढतात. तेथील मुख्य उत्सव ईस्टरनंतरच्या पहिल्या रविवारी येतो. थोमाला येशूचे दर्शन घडले, तो आठवा दिवस हाच. पूर्वेकडील अनेक ख्रिस्ती मंडळ्यांत हा रविवार थोमाच्याच नावाने ओळखला जातो. त्याचा संशय विसरून जावा किंवा झाकून ठेवावा, असे त्यांना वाटले नाही. त्यांनी तो पंचांगात नोंदवून ठेवला आणि दरवर्षी उपासनेच्या वेळी त्याची कथा मोठ्याने वाचण्याची प्रथा पाडली.