गोठ्याच्या जागीं हिरवळ

विहीर खोदणें, आंबा लावणें, पाणपोई घालणें हीं आपल्याकडे पुण्यकृत्यें समजलीं जातात. परंतु मुद्दाम गवत लावणें हें कृत्य मात्र कोणत्याच सदरांत बसत नाहीं. गवत आपोआप उगवतें व तें उपटून टाकणें हेंच माणसाचें काम, अशी आपली पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत. म्हणून गेल्या वर्षीं, वयाची पांसष्टी उलटल्यावर, गांवच्या घरीं हिरवळ करण्याचा बेत मीं बोलून दाखविला, तेव्हां घरांत प्रथम हंशा पिकला आणि मागाहून वाद झाला.

आमचें घर कृष्णाकांठीं, वाईच्या खालच्या अंगास आहे. घराच्या पूर्वेस गोठा होता. शेवटची गाय २००९ सालीं गेली. गोठा ओस पडला आणि जुलै २०२१ च्या अतिवृष्टींत त्याची भिंत बसली. राहिली ती दगडमाती आणि ३० फूट लांब, २० फूट रुंद अशी उघडी जागा. जागा आम्हां तिघां भावांची सामाईक. पैकीं थोरले बंधू आज हयात नाहींत. धाकट्या भावाचें म्हणणें, तेथें फरशी घालून मोटारी उभ्या कराव्या. थोरल्या बंधूंच्या मुलाचें म्हणणें, जागेचे तीन भाग करावे व आपापल्या भागाचें ज्यानें त्यानें पाहावें. दोन्ही सूचना व्यवहाराच्याच होत्या. परंतु घराच्या आवारांत एकदां मोजणीची दोरी धरली कीं ती गोठ्यापाशीं थांबत नाहीं, हें मीं शेजारच्या दोन वाड्यांत डोळ्यांनीं पाहिलें आहे. तुकडे केले असतां जी कोणाच्याच उपयोगाची राहत नाहीं अशी कांहीं वस्तु तेथें व्हावी, हा माझा अंतस्थ हेतु. तो मीं कोणास सांगितला नाहीं.

वहिनींचा आक्षेप मात्र वर्मीं लागला. त्या म्हणाल्या, “भावजी, गाय होती तेव्हां चारा विकत आणीत होतों, आतां खायला गाय नाहीं, तर गवत लावतां होय?” यावर माझ्यापाशीं उत्तर नव्हतें.

आमचें शेत पाहणाऱ्या गृहस्थांनीं तर कपाळास हात लावला. “मास्तर, हरळी खणतां खणतां आमच्या बापाची कंबर मोडली, आणि तुम्ही ती विकत्या मजुरीनें लावणार!” त्यांचें म्हणणें खोटें नव्हतें. आपल्या काळ्या रानांत हरळीसारखा चिवट शत्रु नाहीं. तिचीं खोडें जमिनीवरून धांवतात तशींच जमिनीखालूनहि धांवतात, आणि पेरासह एखादा तुकडा मागें राहिला तरी त्यापासून पुन्हां बेट उभें राहतें. अमरकोशांत दूर्वेचीं नांवें दिलीं आहेत त्यांत शतपर्विका, म्हणजे शंभर पेरांची. रुहा, म्हणजे उगवणारी. आणि अनंता हीं आहेत. शेतकऱ्याची शिवी आणि कोशकाराची स्तुति एकाच गुणाला उद्देशून आहे! कोंवळ्या गवतानें हिरव्या झालेल्या भूमीस ‘शाद्वल’ असा शब्द संस्कृतांत आहे, आणि तो सिद्ध करण्यासाठीं पाणिनीनें ‘ड्वलच्’ प्रत्यय सांगितला आहे. तेव्हां हिरवळीचें कौतुक सर्वस्वीं विलायतेहून आलें, असें समजण्याचें कारण नाहीं. विलायती हिरवळीचें गवत थंड हवेचें. आपल्या उन्हाला टिकणारी आपली दूर्वाच.

आतां प्रत्यक्ष कृति. चैत्रांत जागा फूटभर खोल खणून दगड, कौलांचे तुकडे व मुळ्या वेंचून काढल्या आणि ढेंकळें वैशाखाच्या उन्हांत तापूं दिलीं. लव्हाळ्याच्या गांठी हातानेंच वेंचाव्या लागतात. त्या कुदळीनें तुटल्या तर एकाच्या चार होतात. पुढें दोन वेळां पाणी देऊन राहिलेलें तण उगवूं दिलें व उपटलें. काळी माती पाणी धरून ठेवते व उन्हाळ्यांत भेगाळते, म्हणून तींत चाळलेला मुरूम व चांगलें कुजलेलें शेणखत मिसळलें. मग दोरी लावून जमीन सारखी केली व घराकडून बाहेर ३० फुटांत ४ इंच असा उतार दिला. जेथें खळगा राहतो तेथें पाणी सांचतें, आणि पाणी सांचलें कीं दूर्वा कुजते. सावलींतहि ती धरत नाहीं. आमच्या जागेवर झाड नव्हतें हें भाग्यच.

लावण्याच्या रीति दोन. एक, मुळ्यांसह काड्या ३-४ इंचांवर टोचणें. दुसरी, काड्यांचे दोन इंची तुकडे करून शेण, माती व पाणी यांच्या काल्यांत मिसळणें आणि तो काला जमिनीवर लिंपणें. दुसऱ्या रीतीनें काम लवकर उरकतें असें वाचून मीं मृगांतच सर्व जागा लिंपविली. तिसऱ्या दिवशीं असा पाऊस कोसळला कीं माझा काला उतारानें शेजाऱ्यांच्या परसांत जाऊन पडला.

त्या संध्याकाळीं वहिनी ओट्यावरून उतरून आल्या, राहिलेला काला दोन बोटांत घेऊन पाहिला आणि म्हणाल्या, “पातळ झाला. आणि वाहत्या पावसांत का कोणी सारवण करतें?” चाळीस वर्षें ज्यांनीं अंगण व गोठा सारवला, त्यांना विचारण्याचें मला सुचलें नव्हतें! पुस्तकी विद्येला हा दंड योग्यच झाला. पुढें आषाढांत पावसानें उघडीप दिली तेव्हां वहिनींच्या देखरेखीखालीं बहुतेक जागेंत काड्या टोचल्या. काल्याचा पट्टा फक्त भिंतीच्या आडोशाला, त्यांनीं स्वतः घट्ट कालवून लिंपला व वर पेंढा पसरला. सर्वांत आधीं हिरवा झाला तो तोच पट्टा.

दोन महिने कोणासहि त्यावर पाऊल टाकूं दिलें नाहीं. गवत तीन इंच झाल्यावर पहिली कापणी धारदार विळ्यानें केली. एका वेळीं उंचीच्या तिसऱ्या हिश्शाहून अधिक कापूं नये. पात उरली नाहीं तर मुळांस अन्न मिळत नाहीं. पाण्याविषयींहि सांगितलें पाहिजे. ६०० चौरस फुटांची हिरवळ ऐन उन्हाळ्यांत हिरवीगार ठेवावयाची तर दिवसास सुमारें २८० लिटर पाणी लागतें. गांवांत बायका घागरी घेऊन उभ्या असतां तें गवतावर ओतणें मला शोभणार नाहीं. म्हणून उन्हाळ्यांत आम्ही आठवड्यास एकदांच खोलवर पाणी देतों. वर ती पिवळी पडते, परंतु मुळें जिवंत असतात. मृगाच्या सरींनीं पुन्हां हिरवी होते.

गणेशचतुर्थीस धाकटी नात धांवत जाऊन हिरवळीवरून दूर्वा खुडून घेऊन आली. वहिनींनीं त्या परत ठेवावयास लावल्या. पायाखालची दूर्वा देवाला चालत नाहीं. तेव्हांपासून भिंतीजवळचा तो पट्टा कापावयाचा नाहीं व त्यावर चालावयाचेंहि नाहीं, असा नियम झाला आहे. एकवीस दूर्वांची जुडी तेथूनच येते. आणि कापलेलें गवत शेजारच्या गोठ्यांत जातें. तें भारा बांधून कोण पाठवितें, हें वाचकांनीं ओळखलेंच असेल.

कोजागिरीस घरची तेरा माणसें त्याच जागीं दूध घेऊन बसलीं होतीं. पुतण्या मला म्हणाला, “काका, येथें मध्यें कुंपण घालतां आलें नसतें, नाहीं?” मीं नुसती मान हलविली. वांटणीचा विषय पुढें कधींच निघणार नाहीं, असें मी म्हणत नाहीं. परंतु त्या रात्रीं तरी तो कोणीं काढला नाहीं.