स्कीइंग : आधी थांबणे, मग धावणे

हिमाच्छादित उतारावरून सळसळत खाली येणारा स्कीपटू पाहिला की, हा खेळ केवळ वेगाचा आहे, असा कोणाचाही समज होतो. प्रत्यक्षात नवशिक्याला सर्वप्रथम आत्मसात करावी लागते ती थांबण्याची कला. ज्याला हवे तेथे थांबता येते, त्यालाच वेगाचा आनंद निर्धास्तपणे लुटता येतो.

हा खेळ शिकण्यासाठी परदेशी जाण्याची आवश्यकता नाही. उत्तराखंडातील औली आणि काश्मीरमधील गुलमर्ग ही आपल्या देशातील प्रमुख स्की-केंद्रे. सुमारे २,६५० मीटर उंचीवरील गुलमर्गच्या कुरणाभोवतीचे सौम्य उतार नवशिक्यांना विशेष सोयीचे आहेत. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या अखत्यारीतील भारतीय स्कीइंग व गिर्यारोहण संस्थाही येथेच आहे. साधारणतः जानेवारी ते मार्च हा हंगाम होय.

साधने

स्कीचे बूट कडक असतात. त्यात पायाची बोटे हलवता यावीत, मात्र टाच उचलली जाऊ नये. नवशिक्याची स्की उभी धरल्यास साधारणपणे हनुवटीपर्यंत यावी. आखूड स्की वळविणे सोपे जाते. बूट आणि स्की यांना जोडणाऱ्या खटक्याला ‘बाइंडिंग’ म्हणतात. पडताना ठरावीक मर्यादेपेक्षा अधिक ताण आला की ते आपोआप सुटते आणि पाय पिरगळण्याचा धोका कमी होतो. ही मर्यादा वजन, कौशल्य आदी बाबींवरून ठरविली जाते. म्हणूनच साधने भाड्याने घेताना आपले वजन आणि अनुभव खरा सांगावा. येथे संकोच महागात पडू शकतो. हेल्मेट व गॉगलही अत्यावश्यक. ताजा बर्फ सूर्याची अतिनील किरणे सुमारे ८० टक्क्यांपर्यंत परावर्तित करू शकतो, त्यामुळे ढगाळ दिवशीही डोळे व त्वचा जपावी.

भीती आणि तोल

उताराच्या टोकाशी उभे राहिल्यावर शरीर स्वाभाविकपणे मागे झुकते. नवशिक्याच्या बहुतेक अडचणींचे मूळ येथेच आहे. भार मागे गेला की स्कीची पुढची टोके हलकी होतात, दिशेवरील ताबा सुटतो आणि वेग वाढतच जातो. याउलट गुडघे व घोटे किंचित वाकवून, नडगी बुटाच्या पुढील भागाला टेकवून, हात पुढे आणि नजर दूरवर ठेवल्यास स्की आज्ञेत राहतात. पुढे झुकण्याचे धैर्य म्हणजे साहसाचे प्रदर्शन नव्हे. ती सुरक्षिततेची पहिली अट आहे.

थांबणे व वळणे

उतारावर पाणी ओतले तर ते ज्या दिशेने वाहील, ती उताराची मुख्य रेषा. स्की या रेषेला आडव्या ठेवल्या की आपण स्थिर राहतो; रेषेकडे वळविल्या की घसरू लागतो. वेग आवरण्यासाठी ‘स्नोप्लाउ’ची पद्धत शिकविली जाते. स्कीची पुढची टोके जवळ आणावीत, टाचा बाहेर ढकलाव्यात आणि आतील कडा बर्फात रुतू द्याव्यात. मागचे अंतर जितके वाढवावे, तितका वेग मंदावतो. याच स्थितीत उजव्या स्कीवर भार दिला की आपण डावीकडे वळतो आणि डाव्या स्कीवर दिला की उजवीकडे. वळणे घेत उतरणे हाही वेग नियंत्रित करण्याचाच मार्ग होय.

पडणे अपरिहार्य आहे. तोल जात असल्यास चढाच्या बाजूस, कुशीवर बसल्यासारखे पडावे. उठताना दोन्ही स्की शरीराच्या खालच्या बाजूस आणून उताराला आडव्या कराव्यात. अन्यथा उठता उठताच पुन्हा घसरणे होते. पडताना काठ्या सोडून द्याव्यात, कारण मुठीत राहिलेली काठी अंगठ्याला दुखापत करते.

मर्यादांचे भान

आंतरराष्ट्रीय स्की महासंघाच्या नियमांनुसार पुढे असलेल्याच्या सुरक्षिततेची जबाबदारी मागून येणाऱ्यावर असते. थांबायचे झाल्यास मार्गाच्या कडेला थांबावे. गुलमर्गचा गोंडोला अफरवट पर्वताच्या सुमारे ३,९०० मीटरहून अधिक उंचीपर्यंत नेतो. परंतु तेथील उतार नवशिक्यांसाठी नाहीत. फेब्रुवारी २०२३ मध्ये अफरवटच्या उतारावर झालेल्या हिमस्खलनात पोलंडच्या दोन स्कीपटूंना प्राण गमवावे लागले. प्रशिक्षकाने आखून दिलेला उतार ओलांडण्याचा मोह म्हणूनच टाळावा. प्रवास विमा घेतानाही त्यात स्कीइंगसारख्या साहसी खेळाचा समावेश आहे किंवा नाही, हे पॉलिसीच्या अटींत तपासून घ्यावे. अनेक पॉलिसींमध्ये असे खेळ वगळलेले असतात.

प्रस्थानापूर्वी महिनाभर मांड्या व गुडघे बळकट करणारे व्यायाम केल्यास पहिले दिवस सुसह्य होतात. गुलमर्गनजीकच्या टंगमर्ग भागातील आरिफ खान यांनी २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताचे एकमेव खेळाडू म्हणून स्कीइंगमध्ये भाग घेतला. त्यांची उंची गाठणे सर्वांना शक्य नसले, तरी आठवडाभराच्या शिस्तबद्ध प्रशिक्षणानंतर सौम्य उतारावरून आपल्या मर्जीने वळत, आपल्या मर्जीने थांबत खाली येणे मात्र प्रकृती धडधाकट असलेल्या बहुतेकांना साधू शकते.