कुंकवाच्या बरणीतलं लिंबू

आजोळच्या माजघरात फडताळावर तीन बरण्या असत. दोन लोणच्याच्या. तिसरीला हात लावायचा नाही, अशी सक्त ताकीद होती. तिच्यात काठोकाठ लिंबाचा रस असायचा आणि त्यात बुडालेले हळकुंडाचे काप. दोन-तीन दिवसांत पिवळ्या कापांवर तांबूस झाक यायची, मग ते लालभडक व्हायचे. आजी ते सावलीत वाळवायची, जात्यावर दळायची, वस्त्रगाळ करायची आणि चार थेंब तिळाचं तेल चोळून करंड्यात भरायची. लिंबापासून कुंकू होतं, हे मला अक्षरओळख होण्याआधीच ठाऊक होतं. ते का होतं, हे कळायला पुढची तीस वर्षं गेली.

तेव्हापासून लिंबाचा नाद लागला तो लागलाच. लिंबू म्हटलं की लोकांना सरबत आठवतं, लोणचं आठवतं. मला आठवते ती घराघरात ठेवलेली आम्लाची बाटली. झाडावर पिकणारी, सालीत बंद, खाल्ली तरी चालेल अशी. लिंबाचे घरगुती उपयोग म्हणून जे जे सांगितलं जातं, त्यातलं खरं किती आणि ऐकीव किती, हे ओळखायला मला ही एकच किल्ली पुरली आहे.

थोडी पार्श्वभूमी उरकून घेते. आपलं कागदी लिंबू हे महाळुंग आणि आग्नेय आशियातलं एक रानटी लिंबू यांच्या संकरातून आलेलं. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातात जे महाळुंग आहे, ते म्हणजे आपल्या लिंबाचं पितृकुळ. रसात साधारण 5 ते 6 टक्के सायट्रिक आम्ल असतं. ते लिंबाच्या रसातून प्रथम वेगळं काढलं 1784 मध्ये, स्वीडनच्या कार्ल शील या रसायनशास्त्रज्ञानं. त्याआधी 1747 मध्ये जेम्स लिंड या जहाजावरच्या डॉक्टरनं स्कर्व्ही झालेल्या बारा खलाशांवर निरनिराळे उपाय करून पाहिले, आणि संत्री-लिंबं मिळालेले दोघं सर्वांत आधी उठून उभे राहिले. आज बाजारात मिळणारं लिंबूसत्त्व मात्र लिंबातून येत नाही. ते एका काळ्या बुरशीकडून साखर आंबवून करून घेतात.

आता पुन्हा बरणीकडे. हळद आणि चुना एकत्र केला की लाल रंग येतो, हे आपण कुरवंडीच्या पाण्यात पाहतो. त्यामुळे कुंकूही तसंच होत असेल, असं मी बरीच वर्षं धरून चालले होते. पण चुन्याचा लाल टिकत नाही. हवा लागली की तो उतरतो, विटकरी होतो, आणि त्यावर लिंबाचा थेंब टाकला तर क्षणात पुन्हा पिवळा. आजीचं कुंकू तर लिंबातच लाल झालेलं! मग लिंबानं ते पिवळं कसं होणार?

गुपित होतं टाकणखारात. आजी त्याला सवागी म्हणायची. लिंबाच्या रसात ती सवागी आणि तुरटी विरघळवून मग हळकुंड घालायची. टाकणखारात बोरॉन असतं. आम्ल भरपूर असलं की हळदीतला पिवळा रंग, म्हणजे कर्क्युमिन, त्या बोरॉनला जखडून घेतो, आणि जे नवं संयुग तयार होतं ते लाल असतं, पक्कं असतं. पाण्यात बोरॉन किती आहे हे मोजण्याची प्रयोगशाळेतली एक जुनी पद्धत याच रंगावर उभी आहे. आजीच्या बरणीत आणि त्या परीक्षानळीत एकच गोष्ट घडते, हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

घरी पाहायचं असेल तर एक सोपा मार्ग आहे. कॅरमवर टाकायची पावडर ही बहुधा बोरिक पावडरच असते. चिमूटभर हळद, चिमूटभर ती पावडर आणि लिंबाचा रस असं बशीत कालवून मंद ऊन दाखवा. वाळत येताना, रस आटून आम्ल तीव्र होतं तेव्हा, कडेनं लाली चढू लागते. त्या लालीवर सोड्याचं पाणी टाकलं तर ती काळपट-निळसर होते. चुन्याची लाली असं कधीच करत नाही. अर्थात हे फक्त पाहण्यासाठी. टाकणखार आणि बोरिक पावडर पोटात जाता कामा नये; लहान मुलं असतील तर मोठ्यांनी शेजारी बसावं.

या वेडापायी मी केमला जाऊन आले. करमाळा तालुक्यातलं हे गाव कुंकवासाठी प्रसिद्ध, आणि कुर्डुवाडीजवळ रेल्वेचं स्टेशनही त्याच नावाचं. एका वयस्कर कारागिराला मी बरणीबद्दल सांगितलं. ते म्हणाले, “ते देवीचं कुंकू, बाई. त्याला लिंबं लागायची पाटीभर आणि सवड लागायची महिनाभर. आता दोन्ही महाग.” बाजारातल्या स्वस्त कुंकवात कृत्रिम रंग असतो, आणि कपाळाला खाज सुटल्याच्या तक्रारी मी घरोघर ऐकल्या आहेत. लिंबातलं कुंकू मागे पडलं हे आपलं नुकसान झालं, असं माझं स्पष्ट मत आहे.

दिवाळीच्या तोंडावर समया-निरांजनं निघतात, तेव्हा लिंबाचं दुसरं मोठं काम सुरू होतं. तांब्या-पितळेवर चढलेला काळपटपणा म्हणजे धातूचा हवेशी संयोग होऊन बसलेला थर. सायट्रिक आम्ल तो थर विरघळवतं, मीठ त्या कामाला वेग देतं आणि खरखरीतपणाही. पुण्याच्या तांबट आळीत मठारकाम केलेलं घंगाळं घेतलं, तेव्हा ठोक्यांच्या खळग्यांत लिंबाची पिळलेली फोडच नीट पोचते, हे मला उमगलं. घासणीनं ते साधत नाही. घासून झालं की लगेच भरपूर पाण्यानं धुवा आणि कोरडं करा, नाहीतर दुसऱ्या दिवशी हिरवट डाग दिसतील.

आणि हेच आम्ल दुसऱ्या बाजूनं पाहा. कल्हई नसलेल्या पितळेत ताक किंवा आमटी ठेवली की कळकते. तिथेही आंबटपणा तांबं विरघळवतो, फक्त ते भांड्यावरून निघून आपल्या पोटात जातं. भांडं उजळवणं आणि अन्न कळकणं ही एकच क्रिया. म्हणून देवघरातल्या तांब्याला लिंबू चोळणारी माझी आजी त्याच तांब्यात सरबत मात्र कधीच करत नसे.

कुकरच्या तळातल्या पाण्यात पिळलेली फोड टाकली की अ‍ॅल्युमिनियम काळं पडत नाही, हे बहुतेक घरांत ठाऊक आहे. बोअरच्या पाण्यानं नळावर बसणारे पांढरे क्षार, पांढऱ्या सुती कपड्यावरचा लोखंडाचा डाग (लिंबू, मीठ आणि ऊन), कापलेल्या सफरचंदाचं लाल पडणं, हे सगळं त्याच किल्लीनं उघडतं.

एक इशारा मात्र कळकळीनं देते, कारण माझ्या पहिल्या घरचा ओटा मी असाच गमावला. कडप्पा आणि शहाबादी फरशी हे दोन्ही चुनखडीचे दगड. अर्धं लिंबू पालथं ठेवून मी फोनवर बोलत बसले आणि काळ्या ओट्यावर पांढुरकं वर्तुळ उमटलं. तो डाग नव्हता, दगडच खाल्ला गेला होता. संगमरवराचंही तेच होतं. ग्रॅनाइटला सहसा काही होत नाही. आणि ब्लीचमध्ये लिंबू कधीही मिसळू नका. त्यातून क्लोरीन हा विषारी वायू सुटतो.

बागेत लिंबाची साल मुंग्यांच्या रांगेवर चोळली तर वासाची वाट मोडते आणि रांग भांबावते. वारूळ काही हटत नाही. झाडाचा खरा उपयोग मला वेगळाच वाटतो. कुंडीत लिंबाचं रोप लावा आणि पावसाळ्यात पानं निरखा. पक्ष्याची शीट पडलीय असं वाटेल, ती लिंबाच्या फुलपाखराची अळी. मोठी झाली की हिरवीगार होते, आणि डिवचलं तर डोक्यामागून शिंगांसारखा तांबडा अवयव काढून उग्र वास सोडते. 2015 मध्ये महाराष्ट्रानं राज्य फुलपाखरू म्हणून निवडलेलं ब्लू मॉरमॉनही याच लिंबूवर्गीय झाडांवर अंडी घालतं. आठ-दहा पानं गेली तर जाऊ द्या. झाड पुन्हा फुटतं.

शेवटी एक मागणं आहे. आजी गेली तेव्हा तिचं प्रमाण तिच्याबरोबर गेलं. हळकुंडं किती, सवागी किती, रस किती, बरणी किती दिवस झाकायची, यातलं काहीच कुणी लिहून ठेवलं नव्हतं. तुमच्या घरी ऐंशीच्या पुढची कुणी आजी, मावशी, आत्या असेल आणि तिनं घरी कुंकू केलं असेल, तर या दिवाळीत तिच्याजवळ बसा आणि ते प्रमाण वहीत उतरवून घ्या.