तळपायाला लागलेला हात

गेल्या महिन्यात आमच्या नवजात कक्षातल्या तीन सिस्टरांची एकदम बदली झाली. एक अपघात विभागात, दोघी बाह्यरुग्ण विभागात. निवृत्त होऊन मला दोन वर्षं झालीत, तरी राहवेना, म्हणून विचारायला गेले. “बाळं सांभाळायला काय, बाईमाणूस असलं की झालं,” असं उत्तर मिळालं. त्या दिवशी जेवण गेलं नाही.

माझी नोकरी एकतीस वर्षांची. पहिली पंधरा-सोळा वर्षं या वॉर्डातून त्या वॉर्डात गेली. कमी वजनाचं बाळ आलं की कापसात गुंडाळायचं, शेजारी बल्ब लावायचा आणि देवावर हवाला ठेवायचा. त्याच काळात तिकडे गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने ३९ गावांतल्या बायकांना श्वास मोजायला, वजन करायला, बाळ उबदार ठेवायला, गरज पडली तर इंजेक्शन द्यायला शिकवलं. हजारी ६२ नवजात बाळं दगावत होती, ती तीन वर्षांत २५च्या आसपास आली. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हे छापून आलं. माया त्या गावांत आधीही होती, तरी बाळं जात होती. फरक पडला तो शिकवलेल्या हातांनी.

आमच्याकडे हे शिक्षण आलं २००९ नंतर. बाळांना ऊब देणाऱ्या बारा वॉर्मरचा कक्ष सुरू झाला. चार दिवस वर्ग आणि दोन आठवडे मोठ्या रुग्णालयात प्रत्यक्ष काम करून आम्ही परतलो. पुढची दहा वर्षं हेच माझं खरं आयुष्य. आमच्या इनचार्ज बाईंचा दंडक असा, की बांगड्या, अंगठी, घड्याळ काढून कोपरापर्यंत हात धुतल्याशिवाय कुणी आत यायचं नाही, मग तो कितीही मोठा साहेब असो. पाळी बदलताना ओव्हर द्यायची, म्हणजे बाळं पुढच्या सिस्टरकडे सोपवायची, ती प्रत्येक वॉर्मरपाशी उभं राहून. हाताच्या पालथ्या बाजूने आधी पोट बघायचं, मग तळपाय. पोट गरम आणि पाय गार असले तर बाळ थंडीशी झगडतंय, दोन्ही गार असले तर धावायची वेळ आली.

एका रात्रीची गोष्ट अजून सलते. चौदा बाळं, आम्ही दोघी. पहाटे तीनला एका बाळाच्या कागदावर मी न मोजताच श्वास ४८ लिहिला. सकाळी बाई लवकर आल्या. त्याच बाळापाशी उभ्या राहिल्या आणि घड्याळ लावून पूर्ण मिनिट मोजलं. ७२ भरले. तासाभरात अँटिबायोटिक सुरू झालं, बाळ वाचलं. बाई ओरडल्या नाहीत. माझा आकडा खोडून तिथे मला सही करायला लावली आणि म्हणाल्या, “मोजलं नसेल तर जागा कोरी ठेव. कोरी जागा बघून कुणीतरी मोजेल.”

त्या बाळावर माझा जीव होता. रात्रभर दर दोन तासांनी मीच त्याला दूध पाजलं होतं. तरीही चुकले, कारण त्या क्षणी शिस्त सुटली. म्हणून निरोप समारंभात ‘सिस्टरांनी आईच्या मायेने केलं’ असं कुणी म्हटलं की मला लागतं. मायेला पगार कमी दिला तरी चालतो. मायेची बदली कुठेही करता येते.

तसंच होत गेलं. दर पाळीत तीन-चार बाळांमागे एक नर्स हवी, असं मार्गदर्शक सूचनेत लिहिलेलं. ते कागदावरच राहिलं. कंत्राटी मुली आमच्या हाताखाली तयार झाल्या आणि पगाराला कंटाळून निघून गेल्या. आता ओव्हर दारातच उरकते. २००५ मध्ये देशात हजारी ३७ नवजात बाळं दगावत होती, २०२० मध्ये २०. या आकड्यांमागे पूर्ण मिनिट श्वास मोजणाऱ्या मुली आहेत, हे बदलीच्या आदेशावर सही करणाऱ्यांना कधी कळणार?

परवा त्या तिघींपैकी एक बाजारात भेटली. म्हणाली, “ताई, अपघातात आलेल्या माणसाच्यासुद्धा आधी पायालाच हात लागतो माझा.” सांगताना तिचे डोळे भरून आले. तो हात तयार व्हायला आठ वर्षं लागली होती. तो परत वॉर्मरपाशी आणा, एवढंच माझं मागणं आहे.