पेंढा फुकट, पण पोचवायचा कसा?

हरियाणात पानिपतला ऑगस्ट २०२२ मध्ये भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉल बनवणाऱ्या कारखान्याचे उद्घाटन झाले. वर्षाला २ लाख टन पेंढा, ३ कोटी लिटर इथेनॉल, अशी त्याची योजना. शेतकरी पेंढा जाळूनच टाकतात. मग कच्चा माल स्वस्तच नाही का?

हिशेब करू. हेक्टरी ५ टन पेंढा धरला, तर ४०० चौरस किलोमीटर भातशेती लागेल. भोवताली सर्वत्र भातच असेल, तर ११ किलोमीटर त्रिज्येचे वर्तुळ पुरेल. पण दहा हेक्टरांपैकी एकाचाच पेंढा मिळाला, तर त्रिज्या ३६ किलोमीटर होते. पेंढा हलका, फुगीर. म्हणून शेतातच दाबून गासड्या बांधाव्या लागतात. भातकापणी व गव्हाची पेरणी यांत जेमतेम दोन-तीन आठवडे मिळतात. तेवढ्यात वर्षभराचा साठा करायचा, आणि तो ओल व आगीपासून जपायचा. आपल्या साखर कारखान्यात मात्र चिपाड उसाबरोबरच येते. त्याची वेगळी वाहतूक लागत नाही.

शिवाय पेंढ्याबरोबर शेतातले पालाश आणि सेंद्रिय कार्बनही जातात. ते परत केले नाहीत, तर स्वस्त इंधनाची किंमत जमीन मोजेल.

हेच गणित आपल्या तालुक्याच्या नकाशावर विद्यार्थ्यांकडून करून घ्यावे.